माल्कम नावातला बोडका

माल्कम म्हणजे बोडका. कुणाचा बोडका, तर कबुतराचा.

शब्दाला शब्द लावत गेलं तर एवढंच हाती येतं. हे ऐकून कोण आईबाप आपल्या पोराचं नाव माल्कम ठेवतील? म्हणूनच बहुधा बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये त्याचा अर्थ 'कबुतराचा सेवक' असा जरा धुऊनपुसून दिलेला असतो. त्याला चूक म्हणता येत नाही, पण त्यातून काही उलगडतही नाही. स्कॉटलंडच्या गादीवर या नावाचे चार राजे बसले. कबुतरांची चाकरी करायला त्यांना दुसरे उद्योग कमी नव्हते.

आपल्याकडे हे नाव अगदीच अनोळखी नाही. क्रिकेटवेड्यांना बार्बाडोसचा माल्कम मार्शल आठवेल, कसोटीत 376 बळी घेणारा. महाबळेश्वरच्या बाजाराचं जुनं नाव माल्कम पेठ, हेही अनेकांनी ऐकलेलं असतं. पण नाव कानावर इंग्रजांमार्फत आलं म्हणून ते इंग्रजी ठरत नाही. ते गेलिक आहे. गेलिक ही आयर्लंडची भाषा. तिथून ती समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रुजली. आजची आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि आइल ऑफ मॅन बेटावरची मँक्स या तिच्या तीन लेकी. इंग्रजीशी तिचं नातं मराठीचं रशियनशी असेल तेवढंच, म्हणजे खापरपणज्याच्याही पलीकडचं.

जुन्या गेलिकमध्ये हे नाव दोन सुट्या शब्दांचं होतं: 'माइल कोलिम'. तिथला उच्चार देवनागरीत हुबेहूब बसत नाही, पण कामापुरतं एवढं पुरे. आधी 'माइल' घेऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

ज्याच्यावर जे असायला हवं ते नाही, तो माइल. मराठीत यासाठी एक फर्मास शब्द आहे: भुंडा. बांगड्या नसलेला हात भुंडा, झाडं नसलेला डोंगर भुंडा. गेलिकमध्येही तसंच. शिंगं नसलेली गाय माइल. उत्तर आयर्लंडात 'आयरिश मॉइल्ड' नावाची बिनशिंगी गाईंची जात आजही पाळतात, तिच्या नावातला 'मॉइल' हाच. धार गेलेली सुरी माइल. समुद्रात घुसलेला, वर झाडझाडोरा नसलेला कडाही माइल. स्कॉटलंडच्या नकाशावर 'मल ऑफ किन्टायर' दिसतं, तो मल म्हणजे असाच बोडका कडा. (जवळच मल नावाचं एक मोठं बेटही आहे, पण त्याचा या शब्दाशी संबंध जोडू नका. ते नाव गेलिक लोक तिथे पोचायच्या आधीचं असावं.)

माणसाच्या डोक्याला लावला की माइल म्हणजे केस नसलेला. आता टक्कल आणि मुंडन यांत फरक आहे. टक्कल पडतं, मुंडन करवून घ्यावं लागतं. आपल्या नावातला माइल हा दुसऱ्या जातीचा, मुद्दाम वस्तऱ्याखाली डोकं दिलेला. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कुलदैवतापुढे जावळ काढताना, तिरुपतीला केस वाहताना आपण तेच सांगत असतो की हे डोकं आता तुझं. आणि 'बोडकी' या शब्दाने विधवांचे जे हाल केले तेही आपल्या आठवणीत आहे, त्यामुळे बोडकेपण एकाच वेळी मानाचं आणि अपमानाचं कसं असतं, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळतं.

सहाव्या-सातव्या शतकातल्या आयर्लंडात डोकं भादरलेला माणूस म्हणजे ख्रिस्ती मठातला साधू. त्यातही एक भानगड होती. रोमच्या पद्धतीचे साधू टाळूवरचे केस काढून भोवती कड्यासारखी झालर ठेवत. आयरिश साधू मात्र एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत रेघ धरून कपाळाकडचा भाग भादरत. आज हे वाचताना हसू येतं, पण तेव्हा त्यावरून खरोखर वाद पेटले होते. 664 साली उत्तर इंग्लंडात व्हिटबी इथे धर्मसभा भरली, त्यात ईस्टरची तारीख कशी काढायची हा मुख्य मुद्दा होता, पण केसांचं प्रकरणही त्याच भांडणातलं. विरोधक आयरिश पद्धतीला 'सायमन जादूगाराची हजामत' म्हणत. बायबलमधला हा सायमन पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत घेऊ पाहतो, म्हणजे शिवी चांगलीच झोंबरी होती.

या वादाचा एक प्रसंग तर अगदी समोर घडल्यासारखा लिहिलेला सापडतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरच्या मठाचा नववा मठाधिपती अॅडोमनान एकदा उत्तर इंग्लंडात गेला होता. तिथला मठाधिपती केओलफ्रिथ याने त्याला तोंडावरच विचारलं की बाबा रे, एवढा शहाणा तू, मग डोक्यावर हा अर्धवट मुकुट का मिरवतोस? अॅडोमनानने उत्तर दिलं की मी माझ्या मुलखाच्या चालीप्रमाणे सायमनची हजामत केली असली, तरी सायमनच्या पापाचा मला मनापासून तिटकाराच आहे. केओलफ्रिथने हे संभाषण एका पत्रात लिहून ठेवलं आणि बीड या इतिहासकाराने ते पत्र आपल्या ग्रंथात घेतलं, म्हणून ते तेराशे वर्षं टिकलं. आयोनाच्या साधूंनी 716 मध्ये रोमचा ईस्टर स्वीकारला आणि मग हळूहळू डोकीही रोमसारखी झाली. पण तोवर 'माइल' हा शब्द नावांमध्ये पक्का बसला होता. कुठल्या बाजूचे केस काढायचे यावर भांडण झालं, पण काढलेले केस देवाचे, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

अॅडोमनानचं नाव मी उगीच आणलेलं नाही. नावातला दुसरा शब्द 'कोलिम' कळायला तोच लागतो, कारण ज्या माणसामुळे हे नाव जन्मलं त्याचं चरित्र अॅडोमनाननेच लिहिलं.

तो माणूस म्हणजे कोलंबा. 521 च्या सुमारास आजच्या डोनेगल परगण्यात, आयर्लंडच्या एका बड्या राजघराण्यात तो जन्मला. परंपरा सांगते की त्याचं आधीचं नाव क्रिमथान होतं, म्हणजे कोल्हा. मठात गेल्यावर कोल्ह्याचं कबूतर झालं. लॅटिनमध्ये 'कोलुंबा' म्हणजे कबूतर, आपल्याकडचा होला म्हणा हवं तर. त्याचंच गेलिक रूप 'कोलम'. ख्रिस्ती वाचकांना यात नवल वाटणार नाही, कारण येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात उतरला असं शुभवर्तमानात आहे. आयर्लंडात त्याला 'कोलम किला' म्हणत, म्हणजे 'मंदिराचं कबूतर'. प्रत्यक्षात हे कबूतर फार शांत नव्हतं. 561 च्या कूल ड्रेमने इथल्या लढाईशी त्याचं नाव जोडलं जातं, आणि तिच्या मागे एका स्तोत्रग्रंथाची त्याने परवानगीविना केलेली नक्कल होती, अशी नंतरची कथा आहे. 'गाय ज्याची वासरू त्याचं, पोथी ज्याची नक्कल त्याची' असा निवाडा राजाने दिला म्हणतात. कथा खरी असो नसो, 563 मध्ये तो बारा सोबत्यांसह समुद्र ओलांडून आयोनावर आला, हे मात्र इतिहासात आहे. 9 जून 597 रोजी तिथेच तो वारला.

आयोना बेट म्हणजे जेमतेम पाच किलोमीटर लांब, दीड-दोन किलोमीटर रुंद. पण तिथल्या मठातून साधू, पोथ्या आणि राजांना अभिषेक करणारे हात बाहेर पडत राहिले. व्हायकिंगांनी 795 पासून हे बेट अनेकदा लुटलं. 806 च्या हल्ल्यात 68 जण मारले गेले. शेवटी 849 मध्ये कोलंबाच्या अस्थी-अवशेषांची वाटणी झाली, काही आयर्लंडात गेले, काही स्कॉटलंडच्या आत डंकेल्डला. जिथे अवशेष गेले तिथे संताचा दरारा गेला. स्कॉटलंडच्या राजघराण्याचा तो जणू कुलस्वामी झाला.

बेटाच्या नावाचीही एक मजा आहे. अॅडोमनान आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो की कोलंबाचं नाव तीन भाषांत एकच: लॅटिनमध्ये कोलुंबा, ग्रीकमध्ये पेरिस्तेरा, हिब्रूमध्ये योना. मराठी बायबलमधला योना संदेष्टा, माशाच्या पोटात राहून आलेला, त्याच्याही नावाचा अर्थ कबूतरच. आता अॅडोमनानने बेटाचं नाव लिहिलं होतं 'इओउआ'. पुढे कुणा नकलकाराने हस्तलिखितातला 'उ' हा 'न' वाचला, लॅटिन लिपीत ही दोन अक्षरं सहज गल्लत होण्याइतकी सारखी दिसत, आणि 'इओउआ'चं 'आयोना' झालं. म्हणजे नजरचुकीने बेटाला नेमकं संताचंच हिब्रू नाव मिळालं! मला तरी इतकी चतुर नजरचूक दुसरी माहीत नाही.

आता 'कोलम'चं 'कोलिम' का झालं? ही षष्ठी आहे. मराठीत 'घोडा'ला विभक्ती लावण्याआधी 'घोड्या' होतो, तसं गेलिक शब्दाचं शेवटचं व्यंजन मऊ होतं आणि त्या मऊपणातच 'चा' येऊन जातो, वेगळा प्रत्यय लागत नाही. म्हणून 'माइल कोलिम' म्हणजे कोलंबाचा बोडका, कोलंबाच्या नावाने डोकं दिलेला. भक्त म्हणा, दास म्हणा. कबूतर यात आहेच, पण ते संताच्या नावातून आलेलं. आपण रामदास हे नाव ऐकतो तेव्हा मनात समर्थ येतात किंवा राम येतो; 'राम' या शब्दाचा मूळ अर्थ शोधत कुणी बसत नाही. 'कबुतराचा सेवक' असा अर्थ देणाऱ्या याद्या मात्र नेमकं तेच करत बसतात. 'कोलंबादास' म्हटलं की काम झालं.

मग थेट 'कोलम'च का ठेवलं नाही? काहींनी ठेवलं, पण फार पूज्य नावं सामान्य पोराला लावायला गेलिक लोक कचरत. येशूच्या आईचं 'मुइरे' हे रूप त्यांनी तिच्यासाठीच राखून ठेवलं. मुलींना लावायला 'मॉइरे' हे वेगळं रूप वापरलं. मधला मार्ग म्हणजे नावापुढे दासपण लावायचं. माइल मुइरे म्हणजे मरियेचा दास, माइल ईसू म्हणजे येशूचा, माइल पाट्रिक म्हणजे संत पॅट्रिकचा. पुढे माइलची जागा 'गिला' या शब्दाने घेतली, त्याचा अर्थ पोऱ्या, चाकर. गिलख्रिस्ट म्हणजे ख्रिस्ताचा चाकर, गिलेस्पी म्हणजे बिशपचा, गिल्मोर म्हणजे मरियेचा. मलोन हे आडनाव 'योहानाच्या दासाचे वंशज' यातून आलेलं. म्हणजे इंग्रजी बातम्यांत गिल्मोर, गिलेस्पी, मलोन अशी आडनावं दिसली की समजावं, मागे कुठेतरी एक भादरलेला नाहीतर हुजऱ्या पूर्वज उभा आहे.

साधूंचं हे नाव राजांकडे गेलं ते दहाव्या शतकात. पहिला माल्कम 943 ते 954, दुसरा 1005 ते 1034. या दुसऱ्याची एक आठवण डियरच्या पोथीत आहे. ईशान्य स्कॉटलंडातल्या एका छोट्या मठाची ही शुभवर्तमानांची जुनी पोथी; आता ती केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते. तिच्या मोकळ्या जागांत बाराव्या शतकात कुणीतरी मठाला मिळालेल्या जमिनींच्या नोंदी गेलिकमध्ये लिहून ठेवल्या. त्यात माल्कम, किनेथचा मुलगा, याने आपला राजाचा हिस्सा मठाला दिला, अशी ओळ आहे. आपल्या देवस्थानांच्या इनामपत्रांशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना ती भाषा ओळखीची वाटेल.

तिसरा माल्कम सगळ्यांत प्रसिद्ध. तेव्हाचा राजा मॅकबेथ याला संपवून, मग त्याच्या वारसालाही बाजूला सारून 1058 मध्ये हा गादीवर आला. ('मॅक' म्हणजे मुलगा, म्हणून मॅकबेथ ऐकून अमक्याचा मुलगा असं वाटतं, पण तेही स्वतंत्र नावच आहे, अर्थ 'जीवनाचा पुत्र'.) याला 'कॅनमोर' म्हणतात, म्हणजे मोठं डोकं किंवा थोर म्होरक्या. बोडका आणि मोठ्या डोक्याचा! पण ही पदवी मुळात त्याच्या पणतवाची, चौथ्या माल्कमची असावी असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, कारण 1165 मध्ये हा पणतू वारला तेव्हा आयर्लंडच्या बखरीत त्यालाच 'कॅन मोर' म्हटलं आहे.

तिसऱ्या माल्कमच्या घरातल्या बारशांकडे बघण्यासारखं आहे. त्याची दुसरी राणी मार्गारेट इंग्लंडच्या राजघराण्यातली. तिला सहा मुलगे झाले: एडवर्ड, एडमंड, एथेलरेड, एडगर, अलेक्झांडर, डेव्हिड. चार नावं इंग्लिश राजांची, एक ग्रीक, एक बायबलमधलं. गेलिक एकही नाही. बापाचं नाव कोलंबादास आणि सहा पोरांत कोलंबाचा मागमूस नाही. सत्ता कुठल्या भाषेकडे सरकते आहे हे पाळण्यात कळतं. डेव्हिडच्या नातवाला पुन्हा माल्कम नाव मिळालं, तो बाराव्या वर्षी राजा झाला, अविवाहित राहिला आणि चोविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर स्कॉटलंडला माल्कम नावाचा राजा झाला नाही.

सामान्यांत मात्र नाव टिकलं, आडनावही झालं. असं आडनाव लावणारा जॉन माल्कम 1769 मध्ये स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडे जन्मला. त्या भागात तेव्हा गेलिक बोलतच नसत, त्यामुळे आडनावातला बोडका त्याच्या घरच्यांना उमगत असेल असं वाटत नाही. जून 1818 मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमला; वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरवून पेशव्याला बिठूरला धाडणाराही हाच. पुढे 1827 ते 1830 तो मुंबईचा गव्हर्नर होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली गेली ती त्याच्याच काळात, आणि क्षेत्र महाबळेश्वरापासून काही अंतरावर वसलेल्या बाजाराला माल्कम पेठ नाव पडलं.

या नावाचा सगळ्यांत विलक्षण प्रवास अमेरिकेत झाला. 1925 मध्ये ओमाहा इथे जन्मलेल्या माल्कम लिटलने 'लिटल' हे आडनाव टाकून दिलं, कारण ते गुलामांच्या मालकांनी त्याच्या पूर्वजांवर लादलेलं होतं. त्या जागी त्याने 'एक्स' लावला, हरवलेल्या आफ्रिकन नावाची खूण म्हणून. पण 'माल्कम' तसंच ठेवलं, ज्यात दासपण आडनावापेक्षा स्पष्ट लिहिलेलं आहे. हजला जाऊन आल्यावरचं त्याचं नाव अल-हज मालिक अल-शबाझ. मालिक म्हणजे ज्यातून आपला 'मालक' आला तो अरबी शब्द.

इंग्रज हे नाव उच्चारताना दुसरा 'ल' गिळतात. लिहितात दोन 'ल', म्हणतात एक. मराठीने ऐकलं तसं लिहिलं, 'माल्कम'. आता उरलेला 'ल' कुणाचा, तर 'माइल'चा. गेला तो 'कोलम'चा. म्हणजे बोडका शिल्लक आहे, कबूतर उडून गेलं.

स्कॉटलंडात उलटं झालं. तिथल्या गेलिक घरांत आज 'माइल'वालं लांबलचक रूप क्वचित ऐकू येतं. माल्कमला घरात सरळ 'कालम' म्हणतात, म्हणजे बोडका गेला आणि कबूतर राहिलं. मुलगी झाली तर 'कालमिना' किंवा 'माल्कमिना', आजोबांचं नाव चालवायची हायलँडकडची ही हौस. या कालमला हाक मारायची असेल तर नुसतं 'कालम' चालत नाही. मराठीत 'राम'ची हाक 'रामा' होते, तशी गेलिकमध्येही संबोधनाची वेगळी विभक्ती आहे, आणि पुरुषांच्या नावांत ती दिसायला षष्ठीसारखीच असते. सुरुवातीचा 'क' घशातल्या 'ख'सारखा होतो, शेवटचा 'म' मऊ पडतो. मग अंगणातून आई ओरडते, 'अ खालिम!', आणि संताच्या नावाची ती षष्ठी तेवढ्यापुरती कानावर पडते.